प्रयोगवहीत खोडायचं नाही

आमच्या सायन्सच्या सरांनी मिशी काढली, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन घरची माणसं त्यांच्याकडे दुखवट्याला जाऊन आली.

आमच्या भागात मिशी उगीच कुणी काढत नाही. वडील गेले तर काढतात. त्यात सरांची मिशी म्हणजे काही साधीसुधी नव्हती. वरचा ओठ सगळा झाकून खालच्यावरही उतरलेली. निपाणीच्या बाजारात अनोळखी माणसं त्यांना पोलीस समजून वाट द्यायची. अशी मिशी एका रात्रीत गेली म्हटल्यावर गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. पहिले पोचले दूध डेअरीचे चेअरमन, आणि मागोमाग त्यांची बायको पिठलं-भाकरीची बुट्टी घेऊन. दार उघडलं सरांच्या वडिलांनीच, आप्पांनी. चेअरमन उंबऱ्यातच थिजले.

“का रं, कोण गेलं?” आप्पांनी विचारलं.

“कोण न्हाय... सहज आलतो.”

“भाकरीची बुट्टी घिऊन सहज?”

आप्पांनी बुट्टी ठेवून घेतली, आणि पुढं महिनाभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, “माझ्या नावाचं पिठलं मी सवता खाल्लंय. लई चांगलं हुतं.”

मिशी जायचं कारण आठवीच्या वर्गात होतं. तिथं एका मुलाला ऐकू येत नव्हतं. तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून अर्थ लावायचा. माझ्या मराठीच्या तासाला त्याचं बरं चाललं होतं, पण सायन्सला तो भिंतीसारखा बसायचा. सरांनी त्याला पाटीवर लिहून विचारलं, काय अडतंय? त्यानं खाली लिहिलं, ‘तुमचं तोंड दिसत नाही.’ दुसऱ्या दिवशी सर आले ते असे, की शिपायानं त्यांना कोण पाहिजे म्हणून विचारलं.

मी म्हणालो, “सर, जरा कातरून चाललं असतं की.”

“म्हंजे निम्मं शिकवू व्हय त्याला?” सर म्हणाले.

तो मुलगा यथावकाश पास होऊन गेला. मिशी परत आली नाही. विचारलं की म्हणायचे, “फुडचा येईल की.”

निपाणी-चिकोडी रस्त्याच्या एका फाट्यावर आमचं हायस्कूल आहे. मी तिथं मराठी शिकवतो आणि माझ्या कपाळी दरवर्षी दहावीच्या वर्गाची जबाबदारी येते. सगळ्या मुलांनी एकाच वर्गात शिकायचं असा सरकारी नियम आल्यावर आमच्याकडेही न दिसणारी, न ऐकू येणारी, कुबड्या घेऊन येणारी मुलं यायला लागली. आम्ही बाकीच्यांनी काय केलं? त्यांना पहिल्या बाकावर बसवलं, गोड बोललो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नियम खरा पाळला तो सरांनी, आणि तो त्यांच्या पिशवीतून निघाला.

ती पिशवी तंबाखूच्या वखारीतल्या गोणपाटाची होती. तिचा वास असा, की नवीन आलेला मास्तर स्टाफरूममध्ये दोन खुर्च्या सोडून बसायचा. तिच्यात सायकलची घंटी, चिंच, लोहचुंबक, फुगे, मोडका स्टेथोस्कोप आणि बिडीच्या दोऱ्याची रिळं असायची. बिडी बांधायचा तो बारीक दोरा सर गावातल्या बायकांकडून मागून आणायचे आणि पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून आकृत्या करायचे. हृदय, कान, फुलाचा उभा छेद, सगळं दोऱ्यात. बोट फिरवलं की कळायचं. लहान आतडं शिकवताना त्यांनी सुतळीचा गुंडा घेऊन वर्गाच्या दारापासून व्हरांड्यात मापून दाखवला, आणि कुबड्यांवर चालणाऱ्या मुलाला म्हणाले, “तू अन्नाचा घास. चल, पचत पचत जा.” तो पोरगा हसत हसत व्हरांडाभर चालला. मी खिडकीतून बघत होतो. माझा समासाचा तास तसाच राहिला.

पाठ्यपुस्तकाशी त्यांचं उभं वैर होतं, म्हणजे त्यातल्या एका शब्दाशी. ‘आकृती पाहा’, ‘बदल पाहा’ असं जिथं जिथं छापलेलं असेल तिथं ते ‘पाहा’ वर रेघ ओढून वर लिहायचे: हात लावा, हुंगा, ऐका, शेजारच्याला विचारा. दरवर्षी नवीन पुस्तकं आली की जूनचा पहिला आठवडा त्यांचा यातच जायचा.

त्यांचे दोन कायदे होते. पहिला स्टाफरूमचा. कुणी एखाद्या मुलाला ‘बिचारा’ किंवा ‘बिचारी’ म्हटलं, की त्यानं प्रयोगशाळेतल्या सगळ्या काचेच्या नळ्या धुवायच्या. चर्चा नाही, अपील नाही. मी त्या इतक्या वेळा धुतल्यात की एखाद्या नळीला कुठं तडा आहे तेही सांगू शकेन. दुसरा कायदा वर्गाचा. प्रयोगवहीत खोडरबर चालणार नाही. चुकलं तर ते वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारायची आणि खाली लिहायचं, काय चुकलं आणि का चुकलं. सर म्हणायचे, “बरोबर आलेलं कुणीबी लिवतंय. चुकल्यालं लिवायला छाती लागती.”

हा दुसरा कायदा सगळ्यात काटेकोरपणे पाळला तो पद्मानं.

पद्मा जन्मापासून बघू शकत नव्हती. सातवीपर्यंत बेळगावच्या अंध मुलांच्या शाळेत राहून शिकली आणि मग घरची ओढ लागून गावी परत आली. घर जैन शेतकऱ्याचं, आत बोलणं कानडी, बाहेर मराठी. ती ब्रेलमध्ये टोचून वही लिहायची. ब्रेलमध्ये चूक पुसायची तर उठलेला ठिपका नखानं दाबून बसवतात. पद्मानं एकही ठिपका कधी दाबला नाही. चुकीच्या ओळीला ती एक ठराविक खूण करायची आणि खाली कारण टोचायची. कधीकधी कारण चुकीपेक्षा लांब असायचं.

दहावीत आम्ल आणि अल्कलीचा धडा आला. लिटमसचा कागद निळा होतो, तांबडा होतो, यात पद्माला काय मिळणार? पण त्याच धड्यात वासाचाही एक प्रयोग छापलेला आहे. कांद्याच्या रसात भिजवलेली कापडाची पट्टी आम्लात घातली तर वास राहतो आणि अल्कलीत घातली तर जातो. मी माझ्या जन्मात हा प्रयोग कुणाला करताना बघितलं नव्हतं. सरांनी तो सगळ्या वर्गाला डोळे उघडे ठेवून नाकानं करायला लावला, आणि खुशीत येऊन प्रत्येकाला डबीत दोन पट्ट्या घालून दिल्या. घरी करा आणि वहीत लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच पद्माचे वडील फाटकात उभे. गाव त्यांना आण्णा म्हणतं. हात लांब करून त्यांनी ती डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत धरली होती.

“सर, चातुर्मास चाललाय. आमच्या घरात कांदा शिरत न्हाय, म्हाईत न्हाय तुमास्नी?”

सरांचा चेहरा पार उतरला. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले, अगदी पोरासारखे. पद्माला कांद्याचं माहीत होतं, पण प्रयोग सोडायची तिची तयारी नव्हती. तिनं गोठ्यात बसून हळूच केला होता, आणि आईला वास आला होता.

त्या संध्याकाळी सर त्यांच्या घरी गेले आणि मला बरोबर नेलं, बहुधा मार पडला तर वाटून घ्यायला. अंगणात बसून त्यांनी पहिल्यांदा माफी मागितली. मग विचारलं, “आण्णा, तुमच्या सैपाकघरात लई वासाचं काय काय असतंय?” आण्णांना कळेना, पण पद्माच्या आईनं मसाल्याचा डबा आणून समोर ठेवला. सर एकेक जिन्नस पद्माच्या हातावर ठेवत गेले, आणि ती नाव सांगत गेली. लवंग आली तेव्हा सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

“पुस्तकात कांद्याच्या खालच्याच वळीत लवंगेचं तेल लिवलंय! आनि मी कांद्याच्या मागं लागलो.”

आण्णा पहिल्यांदा हसले. निघताना त्यांनी सरांना गुळाची ढेप दिली. दुसऱ्या दिवशी सरांची स्वतःची वही टेबलावर उघडी पडली होती, ती मी वाचली. वाचायला नको होती, पण वाचली. तीस वर्षं शिकवत असलेल्या माणसानं त्यात लिहिलं होतं: ‘चूक: पोरांचं घर न विचारता कांदा दिला. कारण: प्रयोग मला आवडला होता.’

आता माझ्या चुकीकडं येतो.

दहावीच्या परीक्षेचे अर्ज मी भरतो. ज्या मुलांना अडचण आहे त्यांना गणित-विज्ञानाऐवजी दुसरा सोपा विषय घेता येतो. अर्जात तसा रकाना असतो. पद्माच्या नावापुढं मी विज्ञानाच्या जागी समाजशास्त्र अशी खूण केली. तिला विचारलं नाही, सरांना विचारलं नाही. मनात एवढंच होतं, की बिचारीचा त्रास वाचेल, चांगले मार्क पडतील. खूण करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

अर्ज पुढं गेले. छापील प्रती तपासायला आल्या, तेव्हा आमच्या क्लार्कनं एकेकाला त्याचे विषय वाचून दाखवले. पद्माच्या वेळी तो समाजशास्त्रापर्यंत आला आणि थांबला.

“आनि सायन्स?” पद्मानं विचारलं.

“सायन्स न्हाय तुला. सूट हाय.”

ती बाकावर जाऊन बसली आणि प्रयोगवहीच्या पानावर हात ठेवून राहिली. तिला अकरावीला सायन्सच घ्यायचं होतं. हे वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. दहावीला तो विषयच नसेल तर पुढचं दार बंद.

मधल्या सुट्टीत मी सरांना सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. ते एवढंच म्हणाले, “मास्तर, मनात काय म्हणालासा तिला? खरं सांगा.”

“बिचारी.”

त्यांनी नळ्यांकडं बोट दाखवलं. मी धुवायला लागलो. माझ्या पाठीमागं उभे राहून ते म्हणाले, “उद्या तालुक्याच्या ऑफिसात जाऊ. तिलाबी घिऊन. लवंगेचं तेल माझ्याकडं हाय.”

तालुक्याच्या शिक्षणाधिकारी मॅडम धारवाडकडच्या, मराठी अडखळत बोलणाऱ्या, पण माणूस सरळ. दुरुस्तीला अजून चार दिवस होते आणि त्यांच्या शिफारशीशिवाय ती होणार नव्हती. त्यांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा काढून ठेवला.

“सर, तुमची भावना समजते. पण प्रॅक्टिकल? ही मुलगी करणार कसं? उद्या नापास झाली तर तिचं वर्ष मीच घालवलं म्हणतील.”

“आत्ता करून दावती,” सर म्हणाले आणि पिशवीत हात घातला.

“नको. शाळेतून तयार करून आणलेलं नको. इथलं काहीतरी घ्या. आणि तुम्ही हात लावायचा नाही.”

इथलं म्हणजे काय? मॅडमनी इकडं तिकडं बघितलं. बाजूच्या टेबलावरचा क्लार्क नुकताच तळहातावर काहीतरी चोळत होता, तो एकदम हात पाठीमागं घेऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावरच तंबाखूबंदीचा बोर्ड होता. “चुना तर अल्कली असतो ना?” मॅडम म्हणाल्या. क्लार्कनं मान खाली घालून चुन्याची डबी टेबलावर ठेवली.

दोन ग्लासांत पाणी आलं. एकात चुना ढवळला, एक तसाच ठेवला. दिसत नव्हतं तरी पद्माला पाठ करून उभं केलं होतं. लवंगेचं तेल ऑफिसात कुठलं, म्हणून मॅडमनी स्वतः सरांची छोटी बाटली घेतली आणि दोन्ही ग्लासांत ओतली. थेंब टाकायचा असतो. त्यांनी बाटली उपडीच केली. सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हात लावायचा नाही म्हणजे तोंडही लावायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं असावं.

पद्मा वळली. पहिला ग्लास हुंगला, दुसरा हुंगला, परत पहिला. ऑफिसात पंख्याचा आवाज तेवढा. चुना दुसऱ्यात होता, ते मला दिसत होतं. तिच्या कपाळावर आठी पडली. तेल एवढं पडलं होतं की दोन्हीकडून घमघमाट सुटला होता. ही पोरगी आता चुकणार, आणि ती चुकली तर ते माझ्यामुळं. मी घसा खाकरायला तोंड उघडलं. ती दुसऱ्या ग्लासावर आली की एकदाच खोकायचं, एवढंच. तेवढ्यात माझ्या पायावर सरांची चप्पल पडली, आणि टाच सगळ्या वजनानिशी दाबली गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर समोर बघत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण टाच हलली नाही.

“एरडनेद्राग कडिमी आगैति,” पद्मा मॅडमना कानडीत म्हणाली, “होगिल्ल.” दुसऱ्यात वास कमी झालाय, गेला नाही.

“पुस्तकात जातो म्हणून आहे,” मॅडम म्हणाल्या. “मग पुस्तक चूक?”

“न्हाय.” आता ती मराठीत आली. “तेल लई पडलंय. बाटली उपडी झाल्याचा आवाज आला मला. थेंब टाकायचा असतोय. आनि चुना कमी हाय. अजून घाला, मग सांगते.”

अधिकाऱ्यांच्या तोंडावर त्यांची चूक! सरांकडं मी बघितलं तर त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. मिशी असती तर लपले असते. क्लार्कनं मुकाट्यानं सगळी डबी ग्लासात रिकामी केली. ढवळलं, सगळे थोडं थांबले. पद्मानं परत हुंगलं, बराच वेळ.

“आता लई कमी. पन गेला असं मी सांगनार न्हाय, कारन थोडा हाय.”

मॅडमनी ग्लास उचलून स्वतः हुंगला. खाली ठेवला. मग हळू म्हणाल्या, “मी बीएस्सी केमिस्ट्री. आमच्यात पहिल्यांदा उत्तर लिहायचो, मग प्रयोग.” त्यांनी शिफारशीचा कागद पुढं ओढला. “आयतु, झालं. घेऊ दे हिला सायन्स.” आणि सही केली.

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली, सत्कार बघितले. कडोलीच्या साहित्य संमेलनाला वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसलो. पण त्या ऑफिसात मला जे वाटलं ते कुठं वाटलं नाही. एका माणसानं एका पोरीला एवढं शिकवलं होतं, की तिचं सगळं पणाला लागलेलं असताना ती फक्त आपल्या नाकाला जे कळलं तेच बोलली. आणि तो माणूस तिला एक इशारा करू शकत होता, तो माझ्या पायावर उभा राहिला. माझी करंगळी पुढं आठवडाभर काळीनिळी होती आणि मला तिचा अभिमान वाटत होता.

परतीच्या बसमध्ये सर दारापाशी उभे राहून कंडक्टरला काहीतरी समजावत होते, बहुतेक चाक का फिरतं ते. पद्मा माझ्या शेजारी बसली होती. तिला वाटत होतं सूट परीक्षा मंडळानंच दिली. सरांनी तिला काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हते. पण मला राहवेना.

“पद्मा, त्या अर्जात खूण मी केली होती.”

बस एका फाट्यावर थांबून सुटली.

“का, सर?”

“वाटलं, तुला सोपं जाईल.”

“बिचारी म्हनून?”

“हो.”

तिनं मान हलवली. रागावली का ते मला कळलं नाही. “नळ्या धुतलासा?”

“धुतल्या.”

“मग आता लिवून ठेवा. खोडू नगासा.”

पद्मा विज्ञान घेऊन पास झाली आणि आता बेळगावला कॉलेजात सायन्सच शिकते. सर गेल्या मे महिन्यात रिटायर झाले. जाताना त्यांनी गोणपाटाची पिशवी प्रयोगशाळेच्या खुंटीला तशीच अडकवून ठेवली, आणि नवीन आलेल्या मॅडम तिचा वास सहन करायला शिकतायत. निरोपाच्या दिवशी मी भाषण करायला उभा राहिलो, पण दोन वाक्यांतच खाली बसलो. मराठीच्या मास्तरला शोभेल असं ते नव्हतं.

पद्मानं सांगितलेलं काम तेव्हापासून राहून गेलं होतं. माझ्याकडं प्रयोगवही नाही, म्हणून इथं लिहितो.

चूक: विद्यार्थिनीच्या अर्जात तिच्या वतीनं सोपा विषय भरला.

कारण: वर्षभर तिच्याकडं बघत होतो, तिला एकदाही विचारलं नाही.